जहाज भरायची चिठ्ठी

"पंचानं तोंड उघडायचं नाही," नाना म्हणाले. "भुवई उडवायची नाही, खोकायचं नाही, कुणाच्या चहात मुद्दाम साखर विसरायची नाही. पंचाकडून खूण जरी झाली, तर ज्याच्या फायद्याची खूण, तो हरला. मान्य?"

"मान्य," मगदूमकाका म्हणाले.

"वृंदे?"

"वीस वर्षांत कधी बोललेय मी?" मी म्हटलं. मला राग आला होता. रविवारची सकाळ, साडेनऊ वाजलेले, पोह्यांचा कांदा अजून चिरायचा होता आणि हे दोघं म्हातारे माझ्या वडिलांचा, म्हणजे नानांचाच, जीव प्लायवूडच्या फळीवर मांडून बसले होते.

फळी नानांनीच केलेली. नाना मिरजेच्या आयटीआयमध्ये वर्कशॉप शिकवायचे. समुद्र त्यांनी आयुष्यात चारदा पाहिला असेल, पण लेथवर बोटाएवढी लाकडी जहाजं अशी काढायचे की हातात घेतल्यावर सोडवत नसे. फळीवर निळा रंग, मधे एक बेट, बेटाला एक बंदर. एकानं जहाजातून फौज नेऊन बंदर घ्यायचं, दुसऱ्यानं राखायचं. दहा फेऱ्या. दहाव्या फेरीच्या आत बंदरावर पायदळाचं निशाण लागलं तर जहाजवाला जिंकला, नाहीतर बेटवाला. चाली तोंडानं सांगायच्या नाहीत, चिठ्ठीवर लिहून पंचाला द्यायच्या. बेटावरची फौज म्हणजे चाळीस चिंचोके, ते चार काडेपेट्यांत लपवलेले. कुठल्या पेटीत किती, हे फक्त बेटवाल्याला आणि पंचाला ठाऊक. दर फेरीला मी त्या पेट्यांचं ताट पडद्याआड आतल्या खोलीत न्यायची, चिठ्ठीप्रमाणे चिंचोके हलवायची आणि परत आणून ठेवायची. सातवीत असल्यापासून हा उद्योग माझ्या गळ्यात पडला होता. आता मी तेहतीस वर्षांची होते, पोस्टात नोकरी करत होते आणि रविवारी अजून चिंचोके मोजत होते.

पण त्या रविवारची गोष्ट वेगळी होती. मंगळवारी डॉक्टरांनी नानांना सांगितलं होतं की हृदयाची एक झडप निकामी झालीय, महिन्याच्या आत ऑपरेशन करा. नाना म्हणाले, नाही. आई नऊ वर्षांपूर्वी पित्ताशयातल्या खड्यांसाठी चालत दवाखान्यात गेली होती आणि टेबलावरून परत आलीच नव्हती. नानांनी तेव्हापासून दवाखान्याच्या रस्त्यानं जायचंही सोडलं होतं. मी रडले, भांडले, दोन दिवस स्वयंपाक केला नाही. त्यांनी स्वतः पिठलं करून मला वाढलं आणि परत म्हणाले, नाही. नानांचं नाही म्हणजे नाही. एकदा तोंडातून गेलं की त्यांना स्वतःलासुद्धा ते मागे घेता येत नसे.

शेवटी शनिवारी संध्याकाळी मगदूमकाका आले. श्रीपाल मगदूम, रेल्वेच्या माल कचेरीतून निवृत्त झालेले, नानांचे तीस वर्षांचे दोस्त. आल्या आल्या म्हणाले, "मास्तर, तू पोरीचं ऐकत नाहीस, माझं ऐकत नाहीस. तुझ्या त्या नियमांच्या वहीचं तरी ऐकशील का? उद्या खेळू. मी जिंकलो तर गुमान ऑपरेशनला जायचं."

 मला वाटलं, नाना त्यांना हाकलून देतील.

"आणि मी जिंकलो तर," ते म्हणाले, "हा विषय या घरात परत निघणार नाही. तू काढायचा नाहीस, हिनं काढायचा नाही."

"आणि तू?"

"मी तर नाहीच नाही."

हात मिळवले दोघांनी. मला कुणी विचारलं नाही. पंचाला कोण विचारतंय?

आणि आता सकाळी, खेळ मांडल्यावर, नानांनी अजून एक नवीन काढलं. "श्रीपाल, आज जहाजं तू घे. बेट मी राखतो."

काका चमकले. वीस वर्षं जहाजं नानांचीच होती. काकांनी कायम बेट राखलं होतं आणि बहुतेक वेळा घालवलंही होतं. "मला कुठं जमतंय तुझं ते जहाज भरणं?"

"वही आहे की समोर. वाच."

काकांनी वही पुढे ओढली, चार पानं चाळली, मिटली आणि तिच्यावर पाण्याचा पेला ठेवला. मग चष्मा सारखा करून, जीभ दातांत धरून, कचेरीतल्या त्या सुरेख वळणदार अक्षरात जहाज भरायची चिठ्ठी लिहिली आणि घडी करून माझ्या हातात दिली.

मी आत जाऊन उघडली.

१. पायदळ. २. सुरुंग काढणारे. ३. तोफा. ४. रसद.

मी ती तीनदा वाचली. 

नानांच्या वहीत चौदावा नियम होता. जहाजाला पोट एक आणि दार एक, तेही वरून. जे शेवटी चढेल ते आधी उतरेल. एका फेरीला एकच माल उतरेल. म्हणून नाना स्वतः जहाज भरताना नेहमी उलटं लिहायचे, आधी रसद तळाला, पायदळ सगळ्यांत शेवटी, वर. काकांनी एकतीस वर्षं मालगाडीच्या वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, भरले होते. वाघिणीला दार बाजूला असतं, ज्याची त्याची वाघीण वेगळी, कुठलीही कधीही उघडा. जे आधी उतरायचं ते यादीत आधी लिहायचं, एवढंच त्यांच्या हाताला ठाऊक होतं. त्यांना पायदळ आधी उतरवायचं होतं, म्हणून त्यांनी ते आधी लिहिलं होतं. म्हणजे पायदळ गेलं तळाला.

जहाज किनाऱ्याला लागायला आठवी फेरी उजाडणार. आठवीला रसद उतरेल, नववीला तोफा, दहावीला सुरुंगवाले. पायदळ अकरावीला. आणि अकरावी फेरी नव्हतीच.

तिसऱ्या फेरीपर्यंत जहाज धक्क्याला असतं आणि तोवर चिठ्ठी बदलता येते. मी बाहेर आले. काका खुशीत होते, पाय हलवत होते. वही पेल्याखाली. पोह्यांच्या बशा आणल्या तेव्हा मनात आलं, बशी ठेवायला जागा करतेय असं दाखवून पेला उचलावा, वही जरा उघडी पडू द्यावी. हात पुढे गेलाही. नाना माझ्या हाताकडे बघत होते. मी बशी दुसऱ्या बाजूला ठेवली.

"लिंबू पिळलंयस का गं?" काकांनी विचारलं.

"हो."

"आवाज का असा तुझा?"

"पंच आहे ती," नाना म्हणाले. "पोह्यांपुरतंच बोलेल."

दुसरी फेरी झाली. तिसरी झाली. काकांनी जहाजाच्या पुढे राखणीची गलबतं लावली, तोंडानं गुणगुणत. जहाज धक्का सोडून निघालं. मी पडद्याआड उभी राहून पेन्सिल हातात धरली होती. चिठ्ठी पेन्सिलीनंच लिहिलेली होती. आकडे खोडायचे आणि चारचा एक, एकचा चार करायचा. पण आमच्याकडे रीत होती की खेळ संपला की हरलेल्यानं सगळ्या चिठ्ठ्या मोठ्यानं वाचायच्या. चिठ्ठी कुणीही वाचली तरी खोडलेले आकडे दिसणार नाहीत? आणि नाना काय म्हणतील? डाव रद्द, पैज गेली. मी पेन्सिल ठेवून दिली. देवाशप्पथ सांगते, इतकं हतबल आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. सगळं समोर दिसतंय आणि हातात काही नाही.

चौथ्या फेरीला नानांची चिठ्ठी आली. 'पूर्वेच्या किनाऱ्यावरचे सुरुंग उचला.' मी उचलले. पाचवीला, 'बंदरातली अर्धी फौज उत्तरेच्या टेकडीवर.' मी विसातले दहा चिंचोके हलवले. वाटलं, नाना काहीतरी डाव रचतायत. काकांना आत येऊ देतील आणि मागून गाठतील.

सहावीला चिठ्ठी आली, 'बंदरातले उरलेलेही उत्तरेला.' सातवीला, 'बाकीच्या दोन पेट्यांतलेही.'

मी बंदराची काडेपेटी उघडून बघितली. रिकामी. चाळीसच्या चाळीस चिंचोके उत्तरेच्या टेकडीवर. तिथे ना रस्ता ना पाणी, वहीप्रमाणे जायला एक फेरी, पण तिथून बंदराला परत यायला चार फेऱ्या लागतात. हा डाव नव्हता. नानांनी वीस वर्षांत कधी असली चाल केली नव्हती, पहिल्या दिवशी खेळायला बसलेलं पोरसुद्धा करणार नाही.

मी ताट घेऊन बाहेर आले. नाना अंगठ्यानं एका जुन्या जहाजाची पाठ घासत होते.

"लावलीस चाल?" त्यांनी विचारलं.

"लावली."

"चिठ्ठीत लिहिलंय तशीच?"

"तशीच."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांचे कान लाल झाले होते. माझ्या लहानपणी आई त्यांना चोरून श्रीखंड खाताना पकडायची, तेव्हा व्हायचे तसे. आणि मला कळलं. नानांना हरायचं होतं. त्यांना जायचं होतं दवाखान्यात. ते घाबरले होते, मरायला घाबरले होते, साध्या माणसासारखे. फक्त तोंडानं नाही म्हणून बसले होते आणि आता त्या नाहीतून बाहेर पडायला त्यांना कुणीतरी हरवायला हवं होतं. म्हणून जहाजं काकांना. म्हणून बंदर उघडं.

मला इतका आनंद झाला की ताट हातातून सुटलं असतं. माझा बाप जगणार होता. मग ती दुसरी चिठ्ठी आठवली.

एकानं दार सताड उघडं ठेवलं होतं आणि दुसरा दाराशी येऊन पोती उतरवणार होता. हे घरात फक्त मला माहीत होतं, आणि मला बोलायची बंदी होती. बोलले असते तर काका हरले असते. गप्प राहिले तरी काका हरणार होते.

आठवी फेरी. मी जहाज किनाऱ्याला लावलं.  "जहाज लागलं. उतरली, रसद."

"रसद?" काका म्हणाले. "पायदळ गं. नीट बघ."

मी रसद किनाऱ्यावर मांडली.

"अगं, मी एक नंबरला पायदळ लिहिलंय."

"पंचाला विचारायचं नाही, श्रीपाल," नाना म्हणाले. पण सांगताना त्यांचा आवाज खाली गेला. हातातलं जहाज त्यांनी फळीवर ठेवलं. नियम त्यांनीच लिहिला होता. किनाऱ्यावर रसद दिसताक्षणी त्यांना जहाजाच्या तळापर्यंत सगळं दिसलं असणार. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. वीस वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघं डाव चालू असताना असे एकमेकांकडे बघत राहिलो.

काकांनी पेला उचलला, वही उघडली. बोट लावून एकेक नियम वाचत गेले. चौदाव्यावर बोट थांबलं.  मग त्यांनी चष्मा काढून धोतरानं पुसला.

"वाघिणीसारखं भरलं मी," ते म्हणाले. कुणालाच उद्देशून नाही.

नवव्या फेरीला तोफा उतरल्या. काकांनी चिठ्ठी कोरीच दिली. नानांची चिठ्ठीही कोरी होती.

दहावी सुरू व्हायच्या आधी नाना म्हणाले, "श्रीपाल, बारा फेऱ्यांचा करू या का डाव? जहाजं तुला नवीन आहेत."

"दहा म्हणजे दहा."

"बारा नको, अकरा करू. एकच फेरी."

"दया दाखवू नकोस मला, मास्तर."

"दया कसली? चांगला रंगलाय डाव. एकच फेरी रे."

मी नानांना कुणापुढे असं बोलताना ऐकलं नव्हतं. एकच फेरी रे. कुणा भाजीवाल्याशीसुद्धा ते घासाघीस करत नसत. पण काकांना ते कसं कळणार? त्यांच्या समोर चार बंद पेट्या होत्या आणि आत चाळीस चिंचोके दबा धरून बसलेत, असंच त्यांना वाटत होतं.

"माहितेय मला," काका म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्याचाच त्यांना राग येत होता. "माझं पायदळ उतरवायचं, तुझ्या तोफांखाली भाजून काढायचं आणि वर म्हणायचं, बघ, एक फेरी जादा देऊनही हरलास. मित्राचा जीव वाचवायला बसलो आणि साधं जहाज नीट भरता आलं नाही. पुरे झालं. चल वृंदा, दहावी कर."

मी दहावी केली. "उतरले, सुरुंग काढणारे," मी म्हटलं. "फेऱ्या संपल्या. बंदर बेटवाल्याचं."

काका उठले. चपला उलट्या पायांत घातल्या, परत काढल्या, नीट घातल्या. चिठ्ठ्या वाचायला थांबले नाहीत. वीस वर्षांत पहिल्यांदा चिठ्ठ्या वाचल्या गेल्या नाहीत. मी आकडे खोडले असते तरी कुणाला कळलं नसतं.

फाटकाची कडी वाजली. डाव संपला होता, आता मी पंच नव्हते. मी नानांकडे वळले.

"नाना."

"चिठ्ठ्या दे," ते म्हणाले.

मी दिल्या. त्यांनी काकांची जहाज भरायची चिठ्ठी वाचली. मग स्वतःच्या सगळ्या घेतल्या, फाडल्या, बारीक तुकडे केले आणि सदऱ्याच्या खिशात घातले.

"वाचल्यास तू?"

"वाचल्याशिवाय चाल कशी लावणार?"

"हं," ते म्हणाले. "पसारा आवर. भूक लागलीय."

मी पसारा आवरला. मी म्हणू शकले असते, नाना, चला, उद्याच जाऊ. मी काकांच्या मागे धावत जाऊन बंदर रिकामं होतं म्हणून सांगू शकले असते. पण मग नाना मित्रापुढे उघडे पडले असते, भित्रे म्हणून, आणि मला ते बघवलं नसतं. असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. शिवाय विषय काढायचा नाही असं ठरलं होतं. मला वाटलं, ते स्वतःच काढतील. आज नाही तर उद्या.

ते काढत होते, त्यांच्या परीनं. बुधवारी म्हणाले, "आज डॉक्टर दिसले मार्केटात. वांगी घेत होते." आणि माझ्याकडे बघत बसले. मी म्हटलं, "हो का?" पुढच्या आठवड्यात तपासण्यांची फाईल जेवणाच्या टेबलावर होती. "ही इथं कशी?" मी विचारलं. "कपाट आवरताना सापडली," ते म्हणाले. मी ती उचलून परत कपाटात ठेवली. का ठेवली? मला वाटलं, आता म्हणतील, आता म्हणतील. ते वाट बघत होते की मी म्हणेन. दोघंही एकाच घरात, एकाच टेबलावर, शब्दाला जागत.

काका त्या दिवसांत आले नाहीत. लाजले होते.

चोविसाव्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघताना नाना दाढी करत होते. "वृंदे," त्यांनी हाक मारली. मी दारातून म्हटलं, "काय?" ते आरशातून माझ्याकडे बघत होते, गालाला साबण. "काही नाही," म्हणाले, "ये जाऊन." अकरा वाजता शेजारच्या देसाईंचा ऑफिसात फोन आला.

पंच मी त्या रविवारच्या एका डावापुरती होते. त्यानंतरचे तेवीस दिवस मी नुसती मुलगी होते आणि मुलीला कुणी तोंड बंद ठेवायला सांगितलं नव्हतं. पैज होती, म्हणे. पैजेला कोण विचारतंय, बाप मरत असताना? हे मला आज कळतं. तेव्हाही कळत होतं, हेच वाईट आहे.

काका तेराव्याला आले, एका कोपऱ्यात बसले आणि जो भेटेल त्याला सांगत राहिले, "मी उलटं भरलं." लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

त्यानंतर नऊ वर्षांनी ते सांगलीला मुलीकडे होते, तिचा निरोप आला म्हणून मी त्यांना भेटायला गेले. अंथरुणाला खिळले होते. हाताची कातडी लोंबत होती, पण डोकं जागेवर होतं. मुलीला चहाला पिटाळलं आणि मला जवळ बसवलं.

"एक विचारू?" ते म्हणाले. "आता तरी पंच बोलेल का?"

"विचारा की काका."

"त्या दिवशी मी चिठ्ठ्या वाचल्या नाहीत. बंदरात किती होते गं?"

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचं बोट माझ्या मनगटावर होतं, अगदी हलकं. नऊ वर्षं हा माणूस एवढं एकच विचारायला जगला होता.

"सगळे होते," मी म्हटलं. "चाळीसच्या चाळीस. किनाऱ्यावर सुरुंगही होते."

"म्हणजे मी सुलटं भरलं असतं तरी?"

"तरी हरला असता, काका. नानांनी पक्का बंदोबस्त केला होता. तुमचं पायदळ वाळूवरच संपलं असतं."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली. मग ओठ हलले.

"मग ठीक आहे," ते म्हणाले. "मग माझ्यामुळं नाही."

"नाही काका. तुमच्यामुळं नाही."

वीस वर्षांच्या पंचगिरीत मी दिलेला हा एकच खोटा निकाल, आणि त्यांनी तो लगेच मान्य केला. मुलीनं चहा आणला. त्यांनी बशीत ओतून सगळा प्यायला आणि नानांच्या लेथबद्दल बोलत राहिले. मी हो हो म्हणत होते. तुझ्यामुळं नाही, असं मला सांगू शकेल असं आता कुणी उरलेलं नव्हतं.